यकृताचे दुखणे : एका दोषारोपाचा इतिहास

मराठीत 'काळीज' हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो. काळीज फाटते, काळजाला घरे पडतात, मूल हे काळजाचा तुकडा असते. परंतु शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते 'कालेय' या संस्कृत शब्दात सापडते, आणि कालेय म्हणजे यकृत. खाटकाकडे कलेजी मागितली तर तो हृदय देत नाही, यकृतच देतो. म्हणजे व्युत्पत्तीच्या बाबतीत आपल्यापेक्षा खाटीकच अधिक शुद्ध बोलतो, असे म्हणावे लागते.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विडी कामगारांच्या लढ्यांवर बोलण्याचा आग्रह केला होता. आम्ही विषय बदलून मागितला. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वैद्यकावर बोलावे हा आगाऊपणा आहे, हे आम्हास ठाऊक आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तथापि या विषयाशी आमचा जो संबंध आला तो पुस्तकातून आलेला नाही. तो प्रथम सांगतो.

आमच्या संघटनेचा एक आजारनिधी होता. दर सभासदाकडून महिन्याला पाच रुपये घ्यावेत आणि कोणी आजारी पडल्यास त्याला मदत करावी, एवढाच त्याचा कारभार. २०१२ साली एका राईस मिलमधील हमालाचा अर्ज आला. वय अठ्ठावन्न. पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे, पाय सुजलेले. नागपूरला नेण्यासाठी तीन हजार रुपये हवे होते. पाच जणांची समिती बसली. कोणीतरी म्हणाले, "पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आता आणखी काय पुरावा पाहिजे जी?" हमाल माळकरी होता. त्यावर दुसरा म्हणाला, "माळ घालूनही पिणारे पाहिले आहेत." आमच्या मनातही तेच होते. अर्जावर शेरा लिहिला गेला : 'व्यसन. नामंजूर.' समितीचा निर्णय होता असे आज म्हणता येईल. परंतु लेखणी आमच्या हातात होती.

दोन महिन्यांनी तो हमाल वारला. त्याचा मुलगा वडिलांचे सभासदाचे पुस्तक परत करायला आला, तेव्हा बरोबर नागपूरच्या दवाखान्याचे कागद होते. तो काही बोलला नाही, कागद तेवढे टेबलावर ठेवले. इंग्रजी अक्षरे लावीत लावीत आम्ही वाचले : बारा वर्षांचा मधुमेह, यकृतात चरबी, यकृत वणांनी घट्ट झालेले, मद्यपान : नाही.

तेव्हापासून आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे आहो. तो शेरा आमच्या लेखणीत आला कोठून? आम्ही काही त्या माणसाचे वैरी नव्हतो. शोध घेता घेता असे दिसले की तो शेरा आमच्या जन्माच्या पावणेदोनशे वर्षे आधी लिहिला गेला होता. आम्ही त्याची नक्कल केली एवढेच.

प्राचीन वैद्यकाने या रोगाचा ठपका प्रथम दारूवर ठेवलेला नाही. सुश्रुताने उदररोगांमध्ये यकृद्दाल्युदर म्हणून एक प्रकार सांगितला आहे, आणि त्याचे कारण दाह उत्पन्न करणाऱ्या, स्रोतसे अडविणाऱ्या आहारात शोधले आहे. अर्थात् सुश्रुताला आजचे सर्व ज्ञान होते असा दावा आम्ही करणार नाही. तसे करणारी मंडळी गावोगाव पुष्कळ आहेत. परंतु त्याने रोग्याच्या ताटाकडे पाहिले हे खरे. पश्चिमेकडे रोमन लोकही ताटाकडेच पाहत होते, मात्र उलट बाजूने. ते हंसांना अंजीर खाऊ घालून त्यांचे यकृत मुद्दाम चरबीने फुगवीत, आणि मिटक्या मारीत खात. अंजिराला लॅटिनमध्ये 'फायकस' म्हणतात. त्यावरून 'फिकाटुम्' म्हणजे अंजिरावर पोसलेले, हा शब्द निघाला, आणि त्याचेच पुढे इटालियन भाषेत यकृताला नाव पडले. गोड आणि पिष्टमय खाणे अतोनात दिले की यकृतात चरबी साठते, ही गोष्ट स्वयंपाक्यांना डॉक्टरांपूर्वी दीड हजार वर्षे माहीत होती. हंस दारू पीत नव्हते, हे येथे नमूद करून ठेवतो.

मग दारू आली कशी? ती लंडनमधून आली. अठराव्या शतकात तेथील गोरगरिबांत जिन नावाच्या स्वस्त दारूने कहर केला होता. १७९३ साली मॅथ्यू बेली या शरीरज्ञाने मृतदेहांच्या तपासणीवर ग्रंथ लिहिला, त्यात यकृतावरच्या गाठी मद्यपी लोकांत विशेष आढळतात असे नोंदविले. १८१९ साली पॅरिसच्या लेनेक याने या रोगाला 'सिरोसिस' हे नाव दिले. छातीला नळी लावून ऐकण्याचे यंत्र शोधणारा लेनेक तो हाच. नावाचा अर्थ अगदी साधा : ग्रीक भाषेतील पिंगट-पिवळ्या रंगाचा शब्द त्याने उचलला, कारण ते यकृत तसे दिसले. आणि १८३६ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस अ‍ॅडिसन याने यकृताच्या चरबीवर निबंध लिहिला, त्यातही मद्यपी होतेच. या मंडळींनी खोटे लिहिले असे मुळीच नाही. दारूने यकृतात चरबी साठते आणि पुढे वणही पडतात, हे तेव्हा खरे होते आणि आजही खरे आहे. मोहाची दारू आमच्या जिल्ह्यात कोणाकोणाला घेऊन गेली त्याची यादी आम्हीच देऊ शकू. चूक झाली ती पुढची. 'दारूने असे होते' या वाक्याचे 'असे झाले म्हणजे दारूच' हे वाक्य केव्हा झाले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

ही चूक टिकून राहण्यास एक सबळ कारण होते. यकृत पाहायचे म्हणजे माणूस मेल्यावर पाहायचे. मेलेल्या माणसाचे यकृत हे एकच छायाचित्र असते. त्यात चरबी दिसेल, वण दिसतील, परंतु चरबीच्या ठिकाणी वण आले की वणांच्या शेजारी योगायोगाने चरबी होती, हे त्या एका छायाचित्रावरून कसे ठरवावे? चाल समजण्यासाठी त्याच माणसाची दोन चित्रे पाहिजेत, मध्ये दहा-वीस वर्षे सोडून. १९३८ साली अमेरिकेतील कॉनर याने मधुमेही आणि मद्यपी या दोघांचीही यकृते पाहून, चरबीतून वणांकडे वाट जाते असे लिहिले होते. मधुमेही हा शब्द तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९५२ साली झेल्मन याने स्थूल माणसांच्या यकृतांचा अभ्यास केला. १९५८ साली इटलीच्या मेंघिनी याने अशी एक सुई काढली की जिवंत माणसाच्या यकृताचा केसाएवढा तुकडा एका सेकंदात बाहेर यावा. इतिहासाच्या दृष्टीने आम्ही या सुईला फार मोठे मानतो. तिच्यामुळे यकृताला तारखा मिळाल्या.

याच काळात दुसरीकडे एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली होती. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना. तेथे सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३० नंतरच्या दशकात उपाशी मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले आणि तेथील लोकांचाच 'क्वाशिओरकोर' हा शब्द वैद्यकात आणला. अंगावर मांस नाही, पाय सुजलेले, आणि यकृत चरबीने भरलेले! म्हणजे खाऊन खाऊन हंसाचे जे होते तेच अन्नावाचून मुलाचेही होऊ शकते. प्रथिने नसली म्हणजे यकृताला आपली चरबी बाहेर पाठविता येत नाही. हा मुद्दा ध्यानात असू द्यावा. पुढे त्याचे काम पडेल.

१९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुतेक स्थूल, पुष्कळांना मधुमेह. सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मद्यप्याचा. परंतु हे रोगी सांगत होते की आम्ही पीत नाही. अशी माणसे पूर्वीही सांगत असलीच पाहिजेत. डॉक्टर मान हलवीत आणि मनात वेगळेच लिहीत. लुडविग यांनी वेगळे काय केले, तर त्यांनी विश्वास ठेवला. रोगाला आजवर नाव नव्हते म्हणून त्यांनी नाव दिले, आणि ते नावही 'मद्याविना झालेला' असे नकारार्थी. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावापुढे आयुष्यभर 'चोर नव्हे' असे लिहावे, तशातला तो प्रकार. २०२३ साली जगातील तज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र बसून ते नाव बदलले आणि रोगाचा संबंध शरीराच्या चयापचयाशी जोडला. नावातील मद्य आणि मेद या दोन्ही शब्दांनी रोग्याला खाली मान घालावी लागते, हे बदलामागचे एक कारण त्यांनी उघड सांगितले.

दोषारोपाचा हा इतिहास आपल्या महाराष्ट्रातही एकदा घडून गेला आहे, आणि त्याचा शेवट चांगला झाला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. तान्ह्या मुलांचे यकृत घट्ट होऊन ती दगावतात, असा एक रोग हिंदुस्थानात होता. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याची नोंद केली. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुले; एका घरात एक गेले की दुसरेही जाई. घराण्याचा दोष, आईच्या दुधाचा दोष, पूर्वसंचित, काय काय सांगितले गेले. सांगण्यासारखे दुसरे काही नसले की आईवर येणे हे ठरलेलेच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८० नंतरच्या दशकात या मुलांच्या घरी काय खाऊ-पिऊ घालतात याची बारकाईने चौकशी केली. दूध कोणते, कधीपासून, आणि कशात तापवता? उत्तर भांड्यात होते. कल्हई नसलेल्या पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात वरचे दूध तापवून ठेवले की त्यात तांबे उतरते, आणि तान्ह्या यकृताला ते झेपत नाही. भांडी बदलली. स्टीलही घरोघर येत होतेच. काही वर्षांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. कल्हईवाल्याच्या चार आण्यांत जे टळले असते त्यासाठी किती आयांनी स्वतःला दोष दिला असेल, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

त्या मुलांच्या यकृतावर वण पडायला महिने पुरत. प्रौढ माणसाच्या यकृतातील चरबीला मात्र वर्षे लागतात, आणि वय हेच या रोगाचे खरे घड्याळ आहे. आता ते वण पडतात कसे, हे आम्हाला जसे उमगले तसे सांगतो. सभागृहातील डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

यकृताच्या शंभर पेशींपैकी पाचांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले म्हणजे चरबीचे यकृत म्हणतात. पुष्कळ लोकांचे प्रकरण येथेच थांबते. सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्यात मात्र चरबीने भरलेल्या पेशी फुगतात, मरतात, आणि तेथे दाह सुरू होतो. पेशी आणि रक्ताची वाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी राहतात. १८७६ साली जर्मनीच्या कुप्फर याने त्या प्रथम पाहिल्या, आणि पुढे स्वतःच त्यांचा दुसऱ्या पेशींशी घोटाळा केला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७१ साली, जपानच्या केंजिरो वाके यांनी तो निस्तरला. एरवी या पेशी 'अ' जीवनसत्त्वाची साठवण करतात. गरीब बिचाऱ्या कोठारातल्या पेशी. पण शेजारी दाह झाला की त्या साठवण टाकून देतात आणि तंतू विणू लागतात. हेतू वाईट नसतो. पोते फाटले की हमाल सुतळीने टाका घालतो, तसाच तो टाका. एकदोन टाक्यांनी पोते टिकते. परंतु तेच पोते वीस वर्षे फाटत राहिले आणि टाक्यावर टाका पडत गेला, तर शेवटी हातात सुतळीचा ताठ गठ्ठा राहतो. त्यात धान मावत नाही. यकृतात धानाऐवजी रक्त मावेनासे होते. ते मागे तुंबते, पोटात पाणी होते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. जलोदर म्हणतात तो हाच.

निरोगी यकृताची शून्य धरून डॉक्टर या वणांच्या चार पायऱ्या मोजतात, चौथी सिरोसिसची. २०१५ साली अनेक ठिकाणच्या सुयांचे निकाल एकत्र करून हिशेब झाला, तेव्हा असे दिसले की नुसती चरबी असेल तर एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षे लागतात, दाह असेल तर सात. पस्तिशीत दाह सुरू झालेला माणूस सातच्या पाढ्याने त्रेसष्टीला चौथ्या पायरीवर येतो. ही सरासरी आहे. कोणी लवकर येतो, कोणी कधीच येत नाही, आणि या लोकांपैकी अधिक जण यकृतापूर्वी हृदयानेच जातात. तथापि वय येथे नुसते तारखा मोजीत बसत नाही, ते स्वतःही काम करते. उतारवयात यकृताचा आकार आणि त्यातून वाहणारे रक्त कमी होते. काही पेशी विभागण्याचे थांबवितात पण मरतही नाहीत, आणि निवृत्त झाल्यावरही कार्यालयात येऊन भांडणे लावणाऱ्या साहेबाप्रमाणे आजूबाजूला दाहाचे निरोप धाडीत बसतात. जुने वण विरघळवण्याची शक्ती मंदावते. स्त्रियांना पाळी असेपर्यंत जे संरक्षण असते ते पाळी गेल्यावर ओसरते. आणि या सर्व काळात दुखत काहीच नाही, कारण यकृताच्या आत वेदनेच्या नसा नाहीत. जे काही दुखते ते त्याच्या आवरणाला. म्हणून माणूस पहिल्या पायरीवर दवाखान्यात जात नाही. तो चौथीवर जातो, आणि तेव्हा त्याचे पोट पाहून समिती शेरा लिहिते.

आमचा हमाल स्थूल नव्हता. हे आम्हाला कित्येक दिवस कोडे वाटत होते. त्याचे उत्तर पुन्हा पुण्यातूनच आले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी रोड, परंतु चरबी त्यांनी राखून ठेवलेली. २००४ साली याज्ञिक यांनी आपला आणि इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदस्वी. याच अभ्यासात असेही दिसले की गरोदरपणी ज्या स्त्रिया अधिक कष्टाची कामे करतात त्यांची बाळे अधिक हलकी निपजतात. झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात उभ्या राहणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यावर भाष्य नको. २०१० साली बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही भाताचा मुलूख, गरिबीही आपल्यासारखीच. तेथे ८.७ टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी निघाली, आणि त्यांतले सुमारे पाऊण लोक जाड नव्हतेच.

आता हमालाचे आयुष्य मांडून पाहू. उपाशीपोटी राबणाऱ्या आईच्या पोटी जन्म. विशीपासून पाठीवर शंभर शंभर किलोची पोती. दिवसाला दोन वेळा परातभर भात. तो सगळा पाठीवरच्या कामात जळून जाई. चाळिशीत पाठ गेली, आणि मालकाने दया करून काट्यापाशी पोती मोजायला बसविले. आम्ही संघटनेतर्फे त्याबद्दल आभारही मानले होते! पोती सुटली, भात सुटला नाही. चहाच्या साखरेची भरच पडली. उरलेल्या पिष्टाची यकृत चरबी करते, रोमच्या हंसाप्रमाणेच. आमच्या विडीवाल्या बायांचेही असेच. मांडीवर सूप घेऊन दहा-दहा तास बैठक, वर भात आणि चहा. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्यात कामाचे तास मोजले गेले. एका जागी बसण्याचे माप काढण्याचे कोणाला सुचले नाही, आम्हालाही नाही.

भारत सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत हा रोग मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हाच्या मार्गदर्शिकेत देशातील त्याचे प्रमाण ९ ते ३२ टक्के दिले आहे. आता प्रत्येकाला सुई टोचण्याचीही गरज उरलेली नाही. रक्ताच्या साध्या तीन तपासण्या आणि रोग्याचे वय यांवरून वणांचा अंदाज करण्याचे एक सूत्र २००६ सालापासून आहे, आणि त्या सूत्रात वयाने चक्क गुणायचे असते. १.३ च्या खाली उत्तर आले तर बहुधा चिंता नाही. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा २ धरतात. कागद-पेन्सिलीने सुटणारे हे गणित आम्ही अनेकांचे सोडवून पाहिले आहे, पण निकाल डॉक्टरांकडूनच घ्यावा. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर पडलेले वणही मागे हटतात, असे २०१५ साली क्युबातील अभ्यासात दिसले. सडपातळ माणसाला त्याहून कमी उतरूनही गुण येतो. चौथी पायरी चढून गेल्यावर मात्र परतीची वाट फार अरुंद होते.

त्या हमालाचा मुलगा आज चाळिशीचा आहे. मालाचा टेम्पो चालवितो. २०२४ साली दुसऱ्याच कारणाने त्याची सोनोग्राफी झाली, त्यात यकृतात चरबी निघाली. तो आमच्याकडे आला. का आला ते आम्ही विचारले नाही. आम्ही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दारू घेता का?" तो एकदा आमच्याकडे पाहून म्हणाला, "नाही जी, बाई." डॉक्टर बाईंनी तसे लिहून घेतले, आणि मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला, "भात किती वेळा खाता?"